सिरींजमधला बुडबुडा

पहिल्या भेटीत तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या हातातल्या काचेच्या सिरींजकडे पाहिलं.

मी टेंभुर्णीजवळच्या सबस्टेशनात ऑपरेटर. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा नमुना घेऊन सोलापूरच्या लॅबमध्ये गेलो होतो. आत काही तापत असलं, ठिणगी पडत असली, की तेलात गॅस विरघळतो. तो मोजायचं काम सिद्धेश्वरीचं.

"हा बुडबुडा कसला?"

"रस्ता लई खराब हाय, मॅडम..."

"तेलातला गॅस ह्या बुडबुड्यात निघून जातो. मग मी मोजू काय — तुमचं तोंड?"

मी हसलो. तीही हसली, थोडीशी. "सिरींज उभी धरायची, हळूच हवा काढायची. नवीन नमुना आणा, टेंभुर्णीकर."

दुसरा नमुना बिनचूक नेला. त्यात थोडा गॅस निघाला. "आता दर महिन्याला आणा," ती म्हणाली. त्या ट्रान्सफॉर्मरला मी मनातल्या मनात हात जोडले.

चार महिने गेलो. चहा व्हायचा, बोलणं व्हायचं. मग एकदा ती म्हणाली, "पुढचा नमुना ठीक आला, तर नंतर सहा महिन्यांनी या."

सहा महिने! पुढच्या खेपेला मी मुद्दाम बुडबुडा राहू दिला. तिनं नमुना परत केला. दोन दिवसांनी मी खुशीत दुसरा घेऊन गेलो.

मशीनचा कागद बघून तिचा चेहरा बदलला. "ॲसिटिलीन... आत ठिणग्या पडतायत." तिनं आमच्या साहेबांना फोन लावला. तासाभरात ट्रान्सफॉर्मर बंद झाला.

मग ती माझ्याकडे वळली. "तुमचा हात आता चुकत नाही. परवाचा बुडबुडा मुद्दाम होता ना?"

मी मान खाली घातली.

"दोन दिवस वाया गेले, अजिनाथ! त्या ट्रान्सफॉर्मरशेजारी तुम्हीच उभे असता. फुटला असता तर —"

तिचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं. तुमाला... परत बघायचं होतं."

"मग रिकाम्या हातानं यायचं की!"

रविवारी मी रिकाम्या हातानं गेलो.

अकरा वर्षं संसार झाला. गेल्या वर्षी दवाखान्यात नर्सनं तिचं रक्त काढलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बुडबुडा नाही ना, टेंभुर्णीकर?"

नव्हता. वाईट आलेला रिपोर्ट खरा निघाला, आणि दोन महिन्यांत ती गेली.

लॅबमध्ये आता दुसरं कोणी असतं. मी सिरींज देतो. एकही नमुना परत येत नाही.