अडतीस टक्के सुमेध

"आज सकाळी काय खाल्लंत?" पारखीने विचारलं.

"पोहे," सुमेध वाघमारे म्हणाला.

"आणखी काही?"

"पोहेच."

काचेच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या मित्राने, धैर्यशील पाटणकरने, कपाळाला हात लावला. पोह्यांवर पाऊण तास बोलणारा गडी हा. या देशात उतरला त्या दिवशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला त्याने कांदेपोहे आणि दडपे पोहे यांतला फरक असा काही रंगवून सांगितला होता, की मागची रांग संपून पुढच्या विमानाची रांग लागली. आणि आज तोच माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, शाळा तपासायला साहेब आल्यासारखा बसला होता.

थोड्या वेळाने भिंतीवर आकडा उमटला. अडतीस. त्याखाली एक वाक्य: अर्जदार हा नोंदवलेला सुमेध वाघमारे नाही.

"मग कोण आहे म्हणे?" धैर्यशीलने खिडकीतल्या हेडविगबाईंना विचारलं.

"ते शोधणं यंत्राचं काम नाही," बाई म्हणाल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलत आणि काउंटरवरचं डबडं त्याचं मराठी करून देई, तेही जरा पुस्तकी. "व्हिसा अकरा दिवसांनी संपतो आहे. नमस्कार."

त्या देशाचं नाव इथे नको. छापून आलं तर तिथे त्याचाही एक फॉर्म निघायचा. एवढं सांगितलं तरी पुरे, की समुद्रकाठचं थंड शहर होतं, आणि बाकी जगासारखंच तेही नकलांना कंटाळलं होतं. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागली, तेव्हा या लोकांनी ठरवलं की माणूस ओळखायचा तो स्वभावावरून. उत्तर देण्याआधी तो किती थांबतो, प्रश्न टाळतो की अंगावर घेतो, स्वतःच्या विनोदाला आधी हसतो की नंतर, अशा चारशे खुणांचा मिळून होतो स्वभावठसा. तो घेणारं यंत्र म्हणजे पारखी. हे नाव तिथल्या मराठी पोरांनीच ठेवलेलं. देशात आल्या आल्या चाळीस मिनिटं बोलायचं, मग दर सोमवारी फोनवर पाच मिनिटांची भेट द्यायची. माणूस हळूहळू बदलतो, हे पारखीला मान्य होतं. आठवड्यागणिक पडणारा फरक ते समजून घेई. सत्तर टक्के जुळलं की झालं. बायकोही नवऱ्याला इतकी ओळखत नाही, असं पारखी बनवणारे सांगत. बायकांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

सुमेधचा घोटाळा असा, की पहिला ठसा घेतला तेव्हा तो भलत्याच उधाणात होता. चार दिवस झोपलेला नव्हता आणि त्याला झोपेची गरजही वाटत नव्हती. पवनचक्क्यांचं शास्त्र शिकायला आलेला हा पोरगा पारखीला समजावून सांगत होता, की किनाऱ्यावरच्या सगळ्या पवनचक्क्या उलट्या फिरवल्या तर अख्खा देश ओढत उबेत नेता येईल. यंत्राने म्हणे त्यावर दोन शंकाही विचारल्या. सगळे हसले. सहा महिन्यांनी तो बंदरातल्या क्रेनवर चढून जहाजांना वाहतुकीच्या खुणा करू लागला, तेव्हा हसू थांबलं. एकशे बारा पायऱ्या चढून धैर्यशीलने त्याला बोलत बोलत खाली आणला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, द्विध्रुवी विकार. मन कधी डोंगरावर, कधी विहिरीत. क्रेनवरून उतरलेला सुमेध थेट विहिरीतच गेला. पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. आता कुठे औषधाची मात्रा बसली होती. नऊ आठवडे तो झोपत होता, जेवत होता, प्रयोगशाळेत जात होता. दर आठवड्याला रक्त तपासून मात्रा लावणारे डॉक्टर आणि दवाखान्याचं कार्ड, दोन्ही व्हिसाला बांधलेलं. व्हिसा गेला की सगळं गेलं.

धैर्यशीलने डॉक्टरांचं पत्र काउंटरवर सरकवलं. बाईंनी ते सावकाश वाचलं.

"'रुग्णाच्या मनःस्थितीत लक्षणीय बदल झाला आहे,'" त्या म्हणाल्या. "म्हणजे ते बदलले आहेत, हे तुम्हीच लिहून आणलंत."

"बरा झालाय असं लिहिलंय, बाई."

"नियमात बरा असा शब्द नाही. जुळणारा आहे."

"मग काय करायचं त्याने?"

"नोंदीच्या वेळी होते तसे यायचं."

दोघं बाकावर येऊन बसले. समोरच्या फळ्यावर सतरा भाषांत 'आम्ही तुम्हाला ओळखतो' असं लिहिलेलं होतं.

"सोपं आहे," सुमेध म्हणाला. "दहा दिवस गोळ्या बंद करतो. आठव्या दिवशी येऊन पारखीला त्याच्या आजीची गोष्ट सांगतो."

"आणि अकराव्या दिवशी क्रेनवरून कोण उतरवणार तुला?"

"तू."

"माझे गुडघे गेले. गप बस येड्या." म्हणून झाल्यावर धैर्यशीलने जीभ चावली.

"म्हण की," सुमेध म्हणाला. "आता सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

नियमावलीच्या तळाशी एक वाट निघाली. दहा वर्षं ओळखणाऱ्या माणसाने पारखीपुढे साक्ष द्यायची, की हा तोच. धैर्यशील तर सुमेधला कऱ्हाडच्या शाळेपासून ओळखत होता. तो आनंदाने उठला, आणि दारापर्यंत जाता जाता त्याची चाल मंदावली. कारण एक गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नव्हती. सुमेधलाही नाही.

पण मागे फिरायला काही सबब नव्हती. तो आत जाऊन बसला. पारखीपुढे फाईल उघडी होती ती सुमेधचीच. पारखीने विचारलं, कसे आहात. हा म्हणाला, चाललंय. पारखीने विचारलं, किती वर्षांची ओळख. हा तीन-चार वाक्यं बोलला असेल नसेल.

"नमस्कार, सुमेध वाघमारे," पारखी म्हणालं. भिंतीवर आकडा आला. चौऱ्याण्णव.

हेडविगबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. आकडा तोच होता.

झालं होतं असं. सुमेध भिंतीकडे तोंड करून पडला, तेव्हाही सोमवार येतच होते. दोन भेटी चुकल्या की व्हिसा रद्द. कॉलेजात एकमेकांची हजेरी लावायची दोघांची जुनी सवय; सरांनी नाव पुकारलं की मागच्या बाकावरून 'हजर' म्हणायचं, यात पाप ते काय. धैर्यशीलने सुमेधचा फोन उचलला आणि म्हणाला, हो, मी सुमेध. आवाजाच्या नकला करून करून जग असं विटलं होतं, की पारखी आवाजाकडे बघतच नसे. असे बावीस सोमवार गेले. सुमेध सावकाश बदलला असता तर यंत्राने समजून घेतलं असतं. पण बावीस सोमवारांत त्याच्याकडचा ठसाच सावकाश धैर्यशीलचा होत गेला. आणि बरा झालेला सुमेध स्वतः फोन घेऊ लागला, नेमकं तेव्हाच यंत्राला खटकलं. मदत करणाऱ्यानेच मित्राला त्याच्या जागेवरून हुसकून लावलं होतं.

बाईंनी भेटींचं बाड छापून काउंटरवर ठेवलं. सुमेधने ते ओढून घेतलं.

"अरे, वाचू नकोस ते," धैर्यशील म्हणाला.

"माझंच बोलणं आहे. वाचू दे."

पहिल्या सात-आठ भेटी सरळ होत्या. मी मजेत. जेवलो. अभ्यास चालू आहे. मग सुमेध पान उलटायचा थांबला. चौदावी भेट. झोप लागते का? नाही. मित्र आजारी आहे, तो श्वास घेतोय ना बघायला उठतो. दमलात का? हो. हे कुणाला सांगितलंत? तुम्हालाच. सतरावी भेट. आज काय खाल्लंत? आठवत नाही. मित्राने दोन घास खाल्ले. त्याला टाकून पळून जावंसं वाटतं, मग लाज वाटते.

"हे मला का नाही सांगितलंस?" सुमेधने विचारलं.

"तुला? तू भिंतीशी बोलत होतास."

"बोलत नव्हतो."

"तेच म्हणतोय मी."

बाई खाकरल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या; वीस वर्षं एकाच खिडकीत बसलेलं माणूस. "हे बावीस सोमवार आता खोडले जातील," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावाने बोलण्याची शिक्षा म्हणजे दोघांचेही व्हिसे रद्द. अहवाल बारा वाजता आपोआप जातो. त्याआधी सुमेध वाघमारे पहिल्या ठशाशी सत्तर टक्के जुळले, तर मी बावीस गैरहजेऱ्या लिहीन. आजारपणाच्या. त्या माफ करायचा अधिकार मला आहे. आता अकरा पस्तीस झालेत."

सुमेध पुन्हा काचेच्या खोलीत गेला. बावीस सोमवार खोडल्यावर आकडा होता एकोणतीस. त्याने हातवारे करून पाहिले. पवनचक्क्यांचा विषय काढून पाहिला. लग्नात उसनी शेरवानी घालून नाचणाऱ्या पाहुण्यासारखा दिसत होता. आकडा एकतीसवर जाऊन बसला.

"तुमच्या मित्राबद्दल सांगा," पारखी म्हणालं.

सुमेधने हात खाली घेतले. मग म्हणाला, "तो मूर्ख आहे." आकडा हलला. "पाच महिने माणूस दमून मरायला टेकला आणि सांगतो कुणाला, तर तुला. आणि तू काय केलंस? टक्के मोजलेस. चारशे खुणा आहेत ना तुझ्याकडे? त्यातली एक वाजली नाही, की इथे दोन माणसं बुडताहेत?"

चव्वेचाळीस. सुमेध उठून उभा राहिला होता. बोलता बोलता त्याने पारखीला तलाठी म्हटलं, मग तलाठ्यांची माफी मागितली. कऱ्हाडला संगमावर दोन नद्या समोरासमोर येऊन भिडतात, तिथे उभं राहून कुठलं पाणी कुठल्या नदीचं ते टक्क्यांत सांग म्हणाला. डबडं मराठीतून बाईंच्या भाषेत धावत होतं, आणि हेडविगबाई चक्क हसत होत्या. बावन्न. अठ्ठावन्न. अकरा सत्तेचाळीस झाले होते.

धैर्यशीलही हसला. किती महिन्यांनी हा असा बोलत होता. हाच तो, शाळेतला, मुख्याध्यापकांना बोलण्यात गुंडाळणारा. हाच.

मग त्याचं हसू विरलं. सुमेधची वाक्यं आता एकमेकांच्या अंगावर चढत होती. नद्यांवरून तो जहाजांवर गेला, जहाजांवरून अहवालांवर. सगळ्या जगाच्या सोमवारांचं काय करायचं हे आपल्याला आत्ताच कळलंय म्हणाला. डोळे लकाकत होते. खोलीत तो भिंत ते भिंत चालत होता. सकाळची गोळी त्याने घेतली होती, धैर्यशीलने स्वतः पाहिलं होतं. शिवाय धडधाकट माणसंही चिडतात. चिडलेला माणूस भरभर बोलतोच.

त्रेसष्ट. सहासष्ट.

धैर्यशील उठला आणि काचेच्या दाराशी गेला. आत जाऊन खांद्यावर हात ठेवला, पाणी पी म्हटलं, की सुमेध थांबेल, हे त्याला ठाऊक होतं. आकडाही थांबेल. बाईंनी खिडकीतून त्याला हाताने खूण केली, थांबा, बोलू द्या, थोडंच राहिलंय.

अडुसष्ट.

दाराच्या मुठीवर हात ठेवून तो काचेतून बघत राहिला. आत त्याचा मित्र परत येत होता, की त्याचा आजार?