आरशात दिसशील तोवर

ओटो लिंडनर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचा चेहरा दिसलाच नव्हता. दिसली ती त्याच्या ट्रेलरची पाठ... आणि ती भर रस्त्यात कंबर हलवत नाचत होती.

जुलै, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातली थंडी, सकाळचे अकरा. कटी थांडाच्या खाऱ्या तळ्यात त्या वर्षी पाणी आलं होतं. पाण्यामागून पेलिकन आले, आणि पेलिकनांमागून शहरातली माणसं. मी पोर्ट ऑगस्टाहून आजोबांची औषधं घेऊन गावी परतत होते. पन्हाळी पत्र्यासारखा लाल कच्चा रस्ता, आणि पुढे ती पांढरी गाडी, मागे छोटासा कॅम्पर ट्रेलर. ट्रेलर आधी थोडा डावीकडे गेला, मग जास्त उजवीकडे, मग त्याहून जास्त डावीकडे. मी वायरलेस उचलला, इथे तो प्रत्येक गाडीत असतोच.

"पांढऱ्या गाडीवाले, ऐकताय का? तुमचं शेपूट हलतंय."

"हो... आत्ताच कळलं मला." आवाज घाबरलेला होता, तरी सभ्य. "ब्रेक मारू का?"

"खबरदार! ब्रेकवर पाय ठेवशील तर!" एका वाक्यात मी अहोवरून अरेवर आले. "स्टिअरिंग सरळ धर. त्याच्याशी भांडू नकोस. ॲक्सिलरेटरवरून पाय काढ... हळू... अजून हळू..."

"तो मला ढकलतोय!"

"ढकलू दे. दमेल आपोआप."

आणि तो खरंच दमला. धूळ खाली बसली. गाडीतून एक उंच, चष्मेवाला मुलगा उतरला. कान लालबुंद, आणि खिशात चक्क एक वही.

"तुम्हीच त्या... आवाजवाल्या?"

"आणि तू शेपूटवाला. शेरीन मीरदाद. इथे सगळे शेझ म्हणतात. मागचं झाकण उघड."

उघडलं, आणि मी कपाळावर हात मारला. पाण्याचे सहा कॅन, गॅसची टाकी, बॅटरी, डबेच डबे... सगळं पार मागे, दाराला चिकटवून ठेवलेलं.

"हाताशी यावं म्हणून..." तो म्हणाला.

"अरे, घर मांडलंयस की किराण्याचं दुकान?"

चाकांखाली दगड लावून मी ट्रेलर गाडीपासून सोडवला आणि त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, एका हाताने वर उचललं. ओटोचा चेहरा उतरला.

"नाक एवढं हलकं असलं की शेपूट माजतं," मी म्हटलं. "उतरव सगळं."

माझे पणजोबा अफगाणिस्तानातून उंट घेऊन या वाळवंटात आले. रेल्वे नव्हती तेव्हा इथलं पीठ, लोकर, अगदी पियानोसुद्धा आमच्या उंटांनी वाहिला. ओझं एका अंगाला झुकलं की उंट खाली बसायचा, मग कितीही मनधरणी करा. ट्रेलर बिचारा बसत नाही, तो सरळ उलटतो. आमच्या घरात 'उंटावरचा शहाणा' ही शिवी नाही, वंशावळ आहे, आणि मला तिचा फार अभिमान आहे. सगळं गाव म्हणतं, जरा जास्तच आहे.

तासभर आम्ही सामान पुन्हा लावलं. टायरमधली हवा कमी केली. मी सांगत होते, तो वहीत लिहीत होता.

"वाच काय लिहिलंस."

"जड सामान तळाशी, चाकांवर, जरासं पुढे. हलकं मागे. वजनाचा दहावा हिस्सा गाडीमागच्या, ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर. साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या, म्हणजे हूक निसटला तरी नाक झोळीत पडेल. आणि..."

"आणि?"

"डाव्या गालावर वंगणाचा एक ठिपका. हे लिहिलं नाही, नुसतं मोजलं."

मी गाल पुसला.

"दुसरा डावा," तो गंभीरपणे म्हणाला.

"मोजत काय बसतोस?"

"कामच आहे ते. तळ्यावरचे पेलिकन मोजायला आलोय."

"उडतात की ते! मोजणार कसे?"

"नजर हलवायची नाही..." असं म्हणताना तो माझ्याकडेच बघत होता. साखळी व्यवस्थित होती, तरी मी ती पुन्हा एकदा तपासली.

त्याने आमच्याच गावात तळ ठोकला. दिवसभर पेलिकन मोजायचा आणि ऊन उतरलं की आमच्या ओसरीवर चहाला यायचा. पॉपना भेटायला म्हणे! पॉप म्हणजे माझे आजोबा, सादिक मीरदाद. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला ते बरोब्बर ओळखतात.

"पेलिकन किती झाले रे?"

"नऊ हजार दोनशे, पॉप."

"आणि आमच्या ओसरीवर फेऱ्या किती?"

ओटोने चहात नाक खुपसलं.

पॉपचे गुडघे संपले होते. ऑगस्टमध्ये ते पोर्ट ऑगस्टाच्या वृद्धाश्रमात जायचे होते, हॉस्पिटलजवळ. जाण्याआधी मला त्यांना एकच गोष्ट द्यायची होती.

आमच्याकडे उंटांच्या शर्यतीच्या शनिवारी ट्रेलर मागे घेण्याची स्पर्धा असते. इथे कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की एरवीही लोक खुर्च्या टाकून बघायला बसतात, त्या दिवशी तर जत्राच भरते. पिंपांची वळणदार वाट, जोडीने खेळायचं. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे उभं राहून हाताने खुणा करायच्या. पिंपाला नुसता स्पर्श झाला तरी बाद. जिंकणाऱ्याचं नाव सभागृहाच्या पत्र्यावर रंगवतात. त्यावर 'एस. मीरदाद' तीनदा आहे. ते पॉप. मागे नॅन, माझी आजी, असायची. नॅन गेली आणि नाव थांबलं. तेच मला पॉपसाठी पुन्हा तिथे आणायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी स्पर्धेत उतरले होते. मागे माझा भाऊ डॅरल. "ये, ये" करत त्याने मला पिंपावर घातलं आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकांना मागचं दिसतच नाही!" तेव्हापासून मी कुणालाच मागे उभं केलं नव्हतं. ट्रेलर एकटीच लावायचे, चार वेळा उतरून, चार वेळा बघून.

मंगळवारी मी ओटोला म्हटलं, "शनिवारी... माझ्या मागे उभा राहशील?"

"नुसतं उभंच राहायचं?"

"नुसतं उभं राहणं सोपं नसतं. डॅरलला विचार."

सरावाला पहिल्याच फेरीत साहेब ट्रेलरच्या बरोब्बर पाठीमागे उभे राहिले. मी इंजिन बंद केलं.

"आहेस कुठे तू?"

"इथे मागे! खुणा करतोय की!"

"कुणाला, पेलिकनांना? तुला माझा आरसा दिसत नसेल, तर तू मला दिसत नाहीस. बाजूला ये. अजून... हं. आता दिसलास."

आरशात तो एवढासा दिसत होता. सगळी नजर माझ्या चाकांवर.

"आणि मी दिसलो नाही तर?" त्याने खिडकीशी येऊन विचारलं.

"तर मी थांबणार."

"नेहमी?"

"हो... गाडी चालवताना तरी."

तो हसला. मला मात्र उगाचच गिअर सापडेना.

शनिवार उजाडला. सगळं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं. पॉप पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. आमची जोडी शेवटची; आधीच्या सात जोड्यांपैकी सहा बाद झाल्या होत्या, डॅरलची सुद्धा. फक्त पेट्रोल पंपवाले नवरा-बायको साडेचार मिनिटांत पार झाले होते.

पॉपनी शिकवल्याप्रमाणे मी हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला. ट्रेलर न्यायचा त्या बाजूला हात. पहिलं वळण लोण्यासारखं गेलं. दुसरंही. आरशात ओटोचे दोन हात... थोडं डावीकडे... बस... ये. तिसऱ्या वळणावर घड्याळ तीन मिनिटं दाखवत होतं, आणि नेमकी तेव्हाच वावटळ उठली. लाल धुळीने सगळं गिळून टाकलं. धुरकट आरशात क्षणभर त्याची सावली होती, आणि मग नव्हती.

मी ब्रेक दाबला.

"चल गं! वेळ जातोय!" लोक ओरडले. "सरळच आहे पुढे!" डॅरलचा आवाज सगळ्यांत मोठा होता, "दिसत नाही ना? सांगितलं नव्हतं मी?"

वाट मला पाठ होती. डोळे मिटून गेले असते. पत्रा डोळ्यांपुढे येत होता, पॉपचा इस्त्रीचा शर्ट सुद्धा. पण मी शब्द दिला होता. वीस सेकंद... तीस... आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

धूळ सरली. शेवटचं पिंप वाऱ्याने आडवं होऊन घरंगळत आलं होतं, आणि माझ्या चाकापासून वीतभर अंतरावर पडलं होतं. लोक खुर्च्यांवरून उठून बघायला लागले. पंचांनी पिंप जागेवर ठेवलं. आरशात ओटो पुन्हा हजर झाला, भुवयांपर्यंत लाल झालेला. ये... ये... बस.

चार मिनिटं अकरा सेकंद.

मी उतरून थेट त्याच्याकडे गेले. "गेला होतास कुठे?"

"पिंप येताना दिसलं. धुळीत तुला माझी नुसती सावली दिसली असती, हातांच्या खुणा नाही, आणि ओरडलो असतो तर ऐकू आलं नसतं." तो चष्मा पुसत म्हणाला, "म्हणून मुद्दाम आरशातून बाहेर सरकलो. म्हटलं, मी दिसलो नाही तर ही थांबते."

"आणि मी थांबले नसते तर?"

"तू थांबणार हे मला माहीत होतं, शेझ."

इतक्या लोकांसमोर माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. मी त्याचा धुळीचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

सभागृहात दरवर्षी नावं रंगवणारी ट्रूडी ब्रश घेऊन स्टुलावर चढली. "एस. मीरदाद, ना?"

"आणि ओ. लिंडनर."

"गाडी चालवणाऱ्याचंच नाव लिहितात गं. पन्नास वर्षांची रीत आहे."

"मग पन्नास वर्षं चुकलं. आणि वरच्या तीन ओळींतही जागा आहे. पॉप, नॅनचं नाव कसं लिहायचं?"

पॉपनी टोपी काढली. काठीवर भार देऊन ते उभे राहिले आणि सगळ्यांकडे एकदा मान ताठ करून बघितलं.

"मेबल मीरदाद," ते म्हणाले. "तीनदा. नीट दिसेल असं लिही."

ट्रूडी लिहू लागली. ओटो माझ्या कानाशी आला. "मोजणी मंगळवारी संपतेय... मग मी कुठे उभा राहू?"

"इथेच," मी म्हटलं. "मला दिसशील असा."