तोंडातला कापूस काढलेला हॉर्न

विद्येची शप्पथ, हे खरं घडलंय!

माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू तिखटमीठ लावून सांगतेस. ह्यात तिखटमीठ लावायला जागाच नाही. पेडगावात या आणि कुणालाही विचारा.

साल १९८७. वैशाख. पेडगावहून सेलूकडे जाणारा रस्ता. अमावस्या नव्हती, अंधार नव्हता. भर दुपारचं ऊन डोक्यावर होतं...

आणि तरीही ते झालं.

आमचे सूर्यभानमामा पेडगाव ते परभणी जीप चालवायचे. त्यांचे चुलत भाऊ बन्सीधरमामा, तेही जीपच चालवायचे. घरासमोर घर, गाडीसमोर गाडी. पण बन्सीधरमामाच्या गाडीला सुरांचा हॉर्न होता. तो वाजला की बाया तव्यावरची भाकरी सोडून दारात यायच्या.

सूर्यभानमामाला मग जेवण गोड लागायचं नाही. तो हॉर्न ऐकला की ते हातातला तुकडा ताटात टाकून उठायचे.

त्यात केशरताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं. लग्न नवरदेवाकडं, सेलूला. आमच्या बाबांनी, दिनकररावांनी, बैठकीतच सांगून टाकलं, "नवरी बन्सीधररावाच्या गाडीत बसंल."

सूर्यभानमामा ताडकन उठले. "दाजी, सख्खा मामा मी हाय! नवरी बोहल्यावर न्यायची म्या, अन् बसायचं चुलत मामाच्या गाडीत?"

"तुमचा हॉर्न शेळी चेंगरल्यावानी वाजतोय, सूर्यभानराव. सेलूचे लोक हसतील."

सगळी बैठक हसली. बन्सीधरमामा तर मिशीतल्या मिशीत, लय वेळ.

"अन् चांगला हॉर्न आणला तर?"

"आणा की! मग तुमच्याच गाडीत बसवू."

मामाला झोप कुठली? पेपरातल्या छोट्या जाहिराती चाळता चाळता त्यांना एक सापडली. जीपचा जुना, गोड आवाजाचा हॉर्न विकणे आहे, व्ही.पी.ने पाठवू, पैसे पोस्टमनजवळ द्यावेत. पत्ता हैदराबादचा. मामानं त्याच दिवशी कार्ड टाकलं.

आठव्या दिवशी पार्सल आलं. मामा ते घेऊन थेट परभणीला, आश्रुबा मिस्तरीकडं.

आश्रुबाची एक रीत होती. गिऱ्हाइकानं स्वतः आणलेला पार्ट तो हातात धरायच्या आधी विचारायचा...

"कोणाच्या गाडीवरचा हाय?"

अपघातातल्या गाडीचा पार्ट तो बसवतच नसे.

"कोणाच्याच न्हाई. नवा हाय, कंपनीतून मागवलाय," मामा म्हणाले. धडधडीत खोटं!

आश्रुबानं हॉर्न उचलला. कर्ण्याच्या तोंडात कापूस होता. गच्च, सरकीसकट, काडीनं ठोसून भरलेला.

"कंपनी असा कापूस भरती व्हय? मड्याच्या नाकात घालावा तसा?"

"पार्सलात आदळू नये म्हणून भरला आसंल. काढ की तू!"

"म्या न्हाई काढत. माल तुमचा, बोट तुमचं."

मामानं स्वतःच्या बोटानं कापूस काढला.

आतून थंड हवा आली... वैशाखात.

हॉर्न बसला. आणि काय वाजला म्हणून सांगू! बन्सीधरमामाचा त्याच्यापुढं कुठंच नव्हता. मामानं गावात येऊन मुद्दाम त्यांच्या दारासमोर दाबला. बन्सीधरमामा इरेला पेटून आपल्या गाडीत बसले, त्यांनी आपला दाबला...

काहीच नाही.

पुन्हा दाबला. मुका.

सूर्यभानमामाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "काय झालं बन्सी? घसा बसला का?"

पण मारुतीच्या देवळासमोर त्यांनी पुन्हा हॉर्न दिला, आणि त्यांना एक गोष्ट दिसली. धुरपताबाई नावाची म्हातारी घंटा वाजवत होती. घंटा हलत होती. टोला बसत होता.

आवाज नव्हता.

मामा तिथंच थांबले. सांगावं का कुणाला? पण सांगितलं, तर केशर बन्सीधरच्या गाडीत बसणार.

मामानं गाडी घरी नेऊन लावली.

लग्नाच्या दिवशी मामानं जीप फुलांनी मढवली. मागं केशरताई, आई आणि दोन बाया. आम्ही बाकीचे मागच्या ट्रकात, म्हणून आतलं सगळं मी मामाच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

वेशीत लोक ओरडले, "सूर्यभान, वाजीव की!"

बन्सीधरमामा तिथंच उभे होते. मामानं त्यांच्याकडं बघत बटण दाबलं.

बाया गाणी म्हणत होत्या. गाणी थांबली.

मामानं आरशात बघितलं. तोंडं हलत होती... गाणी चालूच होती.

मग ताईच्या बांगड्या गेल्या. हात हलत होता, चुडा आदळत होता. किणकिण नाही.

मग इंजिन गेलं. गाडी पळत होती आणि इंजिनाचा आवाज नव्हता. रस्त्याचा नव्हता. वाऱ्याचा नव्हता.

फक्त हॉर्न.

मामानं बटणाकडं बघितलं...

त्यांचं बोट बटणावर नव्हतंच.

त्यांनी मागं वळून बघितलं. केशरताई त्यांच्याकडं बघून ओरडत होती. ओठांवरून कळत होतं, मामा, मामा.

आम्हाला ट्रकात तो हॉर्न ऐकू येत होता. इतका गोड, की आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज झाला का? मी लय आठवून बघितलं. मला आठवत नाही.

मामानं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, हातानं वायरी उपटल्या. सगळे आवाज एकदम अंगावर आले. पाखरं, ट्रक, बायांची बोंब.

ताईचा आवाज आला नाही.

बोहल्यावर नवरी गप्पच असते, कुणाला कळलं नाही. पण नंतर नाव घ्यायची वेळ आली. ताई उभी राहिली, तिचे ओठ हलले. सासरच्या पोरी म्हणाल्या, "अगं बया, लयच लाजती की!"

सूर्यभानमामा मांडवातून उठले आणि जीपवरचा हॉर्न उतरवायला गेले.

तिसऱ्या दिवशी ताईला आवाज आला. घोगरा, पण आला. हसताना मात्र अजूनही येत नाही. ती पोट धरून हसते, डोळ्यांत पाणी येतं आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही.

मामानं हॉर्न आश्रुबाकडं नेऊन दिला. सगळं खरं सांगितलं. आश्रुबानं हॉर्नच्या तोंडात पुन्हा कापूस ठोसला आणि तो माळ्यावर टाकला.

पण वऱ्हाडानं महिनाभर त्याच हॉर्नचं कौतुक केलं होतं. आणि ते बन्सीधरमामांनी रोज ऐकलं होतं. आश्रुबाचा माळाही त्यांना ठाऊक होता.

मग एका दुपारी सूर्यभानमामा ओट्यावर बसले होते. समोरून बन्सीधरमामाची जीप आली. आणि हॉर्न वाजला...

तोच.

मामी सुपात दळण पाखडत होती, तो आवाज थांबला. हात चालूच होते.

मामानं उठून ओरडायला हवं होतं. थांब बन्सी, उपट ते! पण ते उठले नाहीत. मला हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती.

म्हणाले, "बाय, मला भ्याव वाटाया पायजे हुतं. पर पयलं काय वाटलं सांगू? ...माझ्या गाडीवर एवढा गोड न्हवता वाजला."