पीळ पडलेला दांडा

पहिला बर्फ पडायच्या आत पठारावरच्या तळ्याशी पोचायचं, रेनडियर मारायचे आणि मांस घेऊन सेटेस्डालच्या खोऱ्यात परतायचं, एवढ्यासाठी योरुन निघाली होती. त्या साली जव कणसातच गोठला होता आणि घरी अकरा तोंडं होती. तिचा नवरा दोन वर्षांमागे समुद्रात बुडाला होता. खोऱ्यात तिच्यासारखा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता, म्हणून शिकारीची जबाबदारी तिच्यावर आली. बरोबर तिचा मामा ऑस्मुंड होता, सत्तरीला टेकलेला, पण चढणीला बकऱ्यासारखा. आणि दीर एइलिव होता. एइलिवला ताकद बैलाची होती. अक्कलही साधारण तिथलीच.

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. सगळ्यांचं जड सामान एइलिवच्या पाठीवर होतं आणि त्यातच धनुष्य बांधलेलं होतं.

"वहिनी, कंबरभरच पाणी आहे!" तो ओरडला.

"भावोजी, थांबा! मामांना आधी काठीने बघू द्या!"

तो थांबला नाही. मधोमध पाय घसरला. पाण्याने त्याला उचललं आणि दोन खडकांवर आपटलं. काड्! मामाने फेकलेला दोर धरून एइलिव शिंकत वर आला. पाठीवरच्या बोचक्यातून त्याने धनुष्याचे दोन तुकडे काढले.

"वाहून मात्र जाऊ दिलं नाही हं!" तो म्हणाला.

योरुनने ते तुकडे त्याच्या हातातून ओढून घेतले. तोंड उघडलं असतं तर त्याला परत नदीत ढकलावं लागलं असतं.

जरा खालच्या अंगाला नदीला उतार सापडला आणि दुपारी ते शिकाऱ्यांच्या जुन्या दगडी झोपडीत पोचले. समोर तळं होतं, तळ्याच्या पलीकडे चाळीसेक रेनडियर निवांत चरत होते. बाण होते, कोरडी दोरी होती, आणि धनुष्य नव्हतं!

मामाने छताच्या वाशांवरून एक लांब दांडा ओढून काढला. "एल्मच्या लाकडाचा आहे गं. तीन-चार वर्षं धुरात वाळलाय. बघ, कसा खणखणीत वाजतो!"

"वाळलाय, पण इतकी वर्षं कुणी नेला का नाही ते बघा ना, मामा!"

दांड्याला पीळ होता. ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसं सगळं लाकूड एका अंगाला वळलेलं. वरचं टोक समोर बघत होतं, तर खालचं शेजारी. असल्या दांड्याला दोरी लावली की ती मुठीवरून न जाता बाजूला पळते. योरुनच्या बापाने तिला धनुष्य करायला शिकवलं होतं, आणि असा दांडा दिसला की सरळ चुलीत घालायलाही.

"दुसरं लाकूड आणतो की," एइलिव म्हणाला.

"कुठून? इथे गुडघ्याएवढं तरी झाड दिसतंय का तुम्हाला?"

ती कामाला लागली. कुऱ्हाडीने जाडी उतरवली, लाकडाच्या रेषा जशा वळत होत्या तशीच सुरी वळवत तासलं. आता पीळ काढायचा होता. लोणी चोळून लाकूड निखाऱ्यांवर धरलं की ते करपत नाही, नरम पडतं.

"लोणी द्या, भावोजी."

एइलिव आपल्या बुटांकडे बघू लागला. "सकाळी भाकरीबरोबर..."

"सगळं?"

"भाकरी फार कोरडी होती, वहिनी."

मग पाणी उकळलं. कातड्याखाली दांडा धरून दोन तास वाफ दिली. डोळे झोंबले, बोटं भाजली. नरम पडलेला दांडा तिने दाराच्या दोन दगडांत अडकवला, टोकाला आडवी काठी बांधली, काठीला धोंडा टांगला आणि उलटा पीळ दिला. "सकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही! कुणी म्हणजे कुणी!"

सकाळी दार बंद होतं. धोंडा बाहेर पडला होता, दांडा कोपऱ्यात उभा होता आणि निम्मा पीळ परत आला होता.

"मामा कुडकुडत होते," एइलिव पुटपुटला. "दार लागत नव्हतं."

योरुन बाहेर गेली, आभाळाकडे बघून एकदा जोरात किंचाळली आणि आत आली. आभाळ शिशासारखं झालं होतं. बर्फ फार लांब नव्हता.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मामा म्हणाला. कुणाबद्दल ते तिने विचारलं नाही.

पुन्हा वाफ द्यायला वेळ नव्हता. तिने पीळ काढायचा नाद सोडला. राहिला तेवढा राहू दे, त्याला धरूनच धनुष्य करायचं! खालच्या टोकाची खाच तिरकी कापली, मूठ एका अंगाने तासली, तेव्हा कुठे दोरी मुठीला घासून जाऊ लागली. मग धनुष्य खुंटीला अडकवलं आणि दोरी ओढायला एइलिवला बसवलं. कुठे ताठ राहतंय ते बघायचं आणि तेवढंच खरवडायचं.

"हळू... अजून... थांबा!"

एइलिव थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा! दुपारभर तो तसाच श्वास रोखून ओढत राहिला, थांबत राहिला.

धनुष्य झालं, पण मऊ होतं. वीस पावलांच्या पलीकडे त्यात दम नव्हता. भुरभुर बर्फात योरुन ओल्या शेवाळावरून पोटाने सरकत गेली. वारा तोंडावर होता. तीस पावलं... पंचवीस... एका मादीने मान वर केली. योरुन दगड झाली. मान खाली गेली. वीस!

बाण सुटला आणि हातभर डावीकडे गेला. हा मेला पीळ! कळप दचकला, पण पळाला नाही. दुसऱ्या वेळी तिने नेम जनावराच्या उजवीकडे, निव्वळ हवेत धरला. सण्ण! नर गुडघ्यांवर कोसळला. तिसऱ्या बाणाने एक मादी पडली.

आता कळप बिथरला, पण एक दांडगा नर गोंधळून तिच्या समोरच उभा राहिला. तिने बाण लावला. ओढताना मुठीखाली बारीक कुरकुर ऐकू आली. लाकडाची एक ढलपी वर आली होती. अजून जरा ओढलं असतं तर दांडा तिच्या तोंडावर फुटला असता. नर पंधरा पावलांवर होता! योरुनने दात खाल्ले आणि दोरी सैल सोडली.

परतताना नदी फुगली होती. एइलिवने आधी काठी टाकून तळ चाचपला, मग दोन्ही जनावरांचं मांस सहा खेपांत छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं.

परतीच्या चौथ्या दिवशी तिघं घरी पोचली. पोरं धावत आली. मागून सासूबाई आल्या, त्यांनी ओझी चाचपली, मोजली आणि म्हणाल्या, "दोनच?"

योरुनने तोंड उघडलं. पण एइलिव आधी बोलला.

"आई, तू जरा गप्प बस. वहिनींना बसायला दे."

योरुन उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.