सतरा डब्यांतलं इंजिन

ही गोष्ट १९९४ सालची, आणि घडलेली. कुणाला पटवून देण्याची मला हौस नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं.

माझ्या मावसबहिणीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे घडलं. तेही भर दुपारी. अंधार असता तर मी म्हटलं असतं, भास झाला. लख्ख उजेड होता, म्हणून अजून चैन पडत नाही.

मावसबहीण घरातली धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. तिचा नवरा कारखान्यात स्टोअरचा अधिकारी होता. गल्ली त्याला साहेब म्हणे, आणि तो स्वतःलाही साहेबच समजे. त्याचे थोरले भाऊ त्याच कारखान्यात फिटर. त्यांचे हात काळे असत म्हणून साहेब कारखान्यात त्यांना ओळखही दाखवत नसे. असा माणूस.

थोरल्यांनी एक जुनी मोटरसायकल आणली होती. इंजिन सगळं खोललं, आणि ते परत बांधायच्या आधीच कावीळ होऊन वारले.

दहा वर्षं ती गाडी ताडपत्रीखाली पडून होती. इंजिन फळीवर, सतरा डब्यांत. जो भाग ज्या क्रमाने निघाला, त्या क्रमाने डब्यात. वर नाव नाही, आकडा नाही. थोरले म्हणत, "घासून घासून ज्याचं ज्याच्याशी जुळलंय, त्याला त्याच्यापासून तोडायचं नाही."

त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंचा डावा कान पार गेला. उजवाही फार तर वर्षअखेरपर्यंत, असं डॉक्टर म्हणाले.

जाऊबाईंनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. एकदा जेवताना म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांची गाडी सुरू झालेली एकदा ऐकायची होती. कान आहे तोवर."

साहेब नुकताच निवृत्त झाला होता आणि घरात सगळ्यांच्या पायात पायात येत होता.

"हात्तिच्या," तो म्हणाला. "आठ दिवसांचं काम. दादाला जमलं नाही, कारण दादा फिटर. हात चालायचे, डोकं नाही."

"तुम्हाला गळका नळ दुरुस्त करता आला नाही," धाकटी म्हणाली.

"नळ वेगळा, इंजिन वेगळं."

"तेच म्हणतेय मी."

पहिल्या दिवशी साहेबाने काय करावं? सगळे डबे उपडे केले. लहान नट एका ट्रेमध्ये, मोठे दुसऱ्यात, लांब भाग तिसऱ्यात. प्रत्येक ट्रेवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. स्टोअरमध्ये तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. रिकामे डबे कोपऱ्यात भिरकावले, शेडला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं...

ट्रे रिकामे होते.

सतरा डबे फळीवर. प्रत्येकात ज्याचा त्याचा भाग. साहेबाच्या चिठ्ठ्या एकावर एक नीट रचलेल्या, वर एक नट ठेवलेला. उडू नयेत म्हणून.

"तुला गंमत सुचतेय?" त्याने धाकटीला धारेवर धरलं.

"मला पिस्टन आणि पातेलं सारखंच, असं तुम्हीच चारचौघांत सांगता. आणि किल्ली कुणाच्या कमरेला आहे?"

राहता राहिल्या जाऊबाई. त्यांची बोटं संधिवाताने वाकलेली. सुईत दोरा ओवता येत नव्हता त्यांना.

साहेबाने डबे होते तिथेच राहू दिले. डब्यांशिवाय त्याला कशानंतर काय लावायचं तेही कळलं नसतं. हे अर्थात त्याने कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटी चहा घेऊन गेली. साहेब पिस्टनवर रिंगा चढवत होता. प्रत्येक रिंगेला एक चीर असते. त्याने तिन्ही चिरा एकाखाली एक, ओळीत आणल्या आणि कौतुकाने मान हलवली.

तेवढ्यात मागून...

"च्च."

मठ्ठ पोराची पाटी बघून मास्तर काढतात, तसा आवाज.

दोघांनी वळून पाहिलं. खुंटीला ताडपत्री. बाकी नुसती भिंत.

"चहा गार होतोय," धाकटी म्हणाली.

पुढच्या व्हरांड्यात जाऊबाई बसल्या होत्या. शेडमध्ये कुणी ओरडलं तरी तिथे त्यांना ऐकू येत नसे. तिथून त्यांनी विचारलं,

"भाऊजी, काय चुकलं? हे चिडलेत."

साहेबाने एक रिंग फिरवली. मग दुसरी. तिन्ही चिरा तीन दिशांना गेल्या.

आवाज नाही.

त्यानंतर रोज तेच. चूक झाली की "च्च." दुरुस्त केली की शांतता. ज्या भावाचा एक शब्द त्याने आयुष्यात ऐकला नाही, त्याचं साहेब निमूट ऐकत होता. आणि संध्याकाळी कट्ट्यावर सांगत होता, "एकट्याने बांधतोय मी इंजिन." धाकटीला हसू फुटे. हसू ओसरलं की अंगावर काटा येई.

शेवटी एक दिवस त्याचा तोल गेला. पाना आपटून तो भिंतीकडे वळला.

"पुरे आता, दादा. फिटर होतास. मी अधिकारी आहे."

भिंत गप्प.

त्या दिवसापासून आवाज बंद झाला. उरलेलं काम साहेबाने एकट्याने उरकलं.

"बघितलंस? जरा आवाज चढवला की कामगार ताळ्यावर येतो," तो म्हणाला.

धाकटीला मात्र त्या शांततेची जास्त भीती वाटत होती.

रविवारी चार वाजता जाऊबाई केस विंचरून शेडमध्ये खुर्चीवर येऊन बसल्या. साहेबाने किक मारली. दहा वेळा, बारा वेळा. तेराव्या किकला इंजिन पेटलं. पत्रे थरथरले. शेजारी कुंपणाशी आले. साहेबाने विजयी वीरासारखा हात वर केला.

जाऊबाई मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"भाऊजी, कधी सुरू करताय? किती वेळची बसलेय."

साहेबाचा हात खाली आला.

उजवा कान कधी गेला, त्यांनाही कळलं नव्हतं. धाकटीने वाकून त्यांचा तळवा टाकीवर ठेवला. थरथर हाताला लागली. "सुरू आहे?" त्यांनी विचारलं. धाकटीने मान डोलावली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

आणि मग...

जाऊबाईंनी भिंतीकडे मान कलती केली. कुणी काही समजावून सांगतंय तशा दोनदा "हं, हं" म्हणाल्या.

"भाऊजी, बंद करा. मागचा टॅपेट वाजतोय म्हणतात. गॅप जास्त राहिलीय."

साहेबाने कान दिला. धडधडीच्या आत झडपेच्या त्या दांड्याची बारीक, अगदी बारीक... टिक. टिक. टिक.

त्याने इंजिन बंद केलं.

"तुम्हाला ऐकू आलं?" धाकटीने खुणेने विचारलं.

"गाडीचं नाही आलं," जाऊबाई म्हणाल्या. "ह्यांचं येतं."

त्या हसल्या. दहा वर्षांत धाकटीने ते हसू पाहिलं नव्हतं.

साहेबाने शेडला कुलूप ठोकलं आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावला. त्याने झाकण उघडलं, गेज लावून पाहिलं.

"गॅप बरोबर आहे की. मुरलेल्या हाताने लावलेली आहे. मला कशाला बोलावलंत?"

गाडी त्या मेकॅनिकलाच देऊन टाकली. अजून चालते म्हणे. साहेब पुन्हा शेडमध्ये गेला नाही. कुणाच्या कामाला नावं ठेवायला तोंड उघडलं, की आधी मागे बघायचा. नऊ वर्षांपूर्वी गेला. जाऊबाई त्या रविवारनंतर आणखी सात वर्षं जगल्या, ठार बहिऱ्या. खोलीत एकट्या असल्या की मधूनच हसू ऐकू यायचं. काय बोलणं चालतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

धाकटी आता ऐंशी ओलांडून गेलीय. तिचेही कान चाललेत. दिवसभर रेडिओ मोठ्याने लावून ठेवते. मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ओरडून विचारलं, "नीट ऐकू येत नाही, तर हा गोंगाट कशाला?"

"येतो तेवढा पुरतो," ती भाजी ढवळत म्हणाली. "एकदम शांत झालं तर... पंचेचाळीस वर्षं त्या माणसाची अक्कल ऐकली मी. आणखी नको."

बोलता बोलता तिचा मिठाचा हात वरच्यावर थांबला. मान किंचित मागे वळली.

"काय गं?" मी विचारलं.

तिने मीठ परत बरणीत टाकलं, आणि रेडिओचा आवाज आणखी वाढवला.