टायर थंड आहेत

सरका असे शेकोटीजवळ. तुमच्या गाडीत हवा भरली आहे, पण लगेच निघू नका. थंडीत भारी गाडीवाल्याला मी थोडा वेळ बसवून ठेवतो, मग तो चिडला तरी चालेल. का, ते चहा येईपर्यंत सांगतो.

जाम गावच्या चौकात हे टायरचं दुकान बाबूजींनी टाकलं, बावीस वर्षं चालवतो मी. धाकटा भाऊ धीरज पुण्याला गेला, आणि दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लाल रंगाची स्पोर्ट्स कार घेऊन परतला. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, साडेचारशे घोड्यांची. सगळा चौक बघायला लोटला. ज्या बाबूजींनी माझ्या नव्या कॉम्प्रेसरकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, ते खांद्यावरच्या पंच्याने ती गाडी पुसत होते. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? अंथरुणात पडल्यावरही त्या इंजिनाचा आवाज कानात राहायचा.

एकदा लाज सोडून म्हटलंही, "धीरज, मले एक चक्कर मारू दे न."

"दादा, हे तुह्या हातची गाडी नोहे," तो हसत म्हणाला. "तू टायरच पाह्य."

नवी गाडी आधी केळझरच्या गणपतीला न्यायची, ही आमच्याकडची रीत. निघायचं पहाटे ठरलं. पारा सातावर होता, आणि धुकं असं की समोरचा धाबा दिसेना. दुकानापुढेच पूजा झाली. आईने हळदकुंकू वाहून नारळ फोडला. चारही चाकांखाली लिंबं ठेवायचं काम माझं. ठेवताना सवयीने मी मागच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. रबर नरम असलं की खूण उमटते. इथे काहीच उमटलं नाही. उन्हातल्या रस्त्यांसाठी बनवलेले टायर ते. थंडीत त्यांचं रबर लाकूड होतं, रस्ता धरत नाही. आधी काही किलोमीटर हळू चालवून तापवावे लागतात. तिथे जमलेल्यांत हे फक्त मला माहीत होतं.

धीरजने काच खाली केली. "पाह्यले का टायर, दादा? ठीक आहेत न?"

टायर थंड आहेत. तीन शब्द बोलायचे होते. मी बाबूजींकडे पाहिलं. ते त्याच्याकडे पाहत होते.

"मस्त आहेत," मी म्हणालो. "जाय."

त्याने पाय दाबला. तीन लिंबं चिरडली. मागचं एक चाक जागच्या जागी गरकन फिरलं आणि चौथं लिंबू अख्खंच्या अख्खं उडून माझ्या पायाशी आलं. सगळे हसले. "पाह्यलं? काय ताकद आहे गाडीत," बाबूजी म्हणाले. ताकद कसली, चाक घसरलं होतं. मी तेव्हाही गप्प राहिलो. वाटलं, कुठेतरी घासेल, लाल रंग खरवडेल, याचं नाक जरा खाली होईल. त्याहून जास्त काही मनात नव्हतं, गणपतीची शपथ.

पुढे ओढ्यावरचा छोटा पूल आहे, त्या पुलियाच्या वळणावर गाडी आडवी झाली. आवाज दुकानापर्यंत आला.

धीरजच्या अस्थी मी पवनारला धाम नदीत सोडल्या. गाडीची किल्लीही सोबत सोडली, कारण ती घरात असली की मला झोप लागत नव्हती. गाडी भंगारवाल्याने नागपूरला नेली आणि तिचे तुकडे केले.

मागच्या डिसेंबरात पारा पुन्हा सातावर आला. पहाटे शटर उघडत होतो, तर धुक्यात आवाज आला. तोच, पोटातून गुरगुरणारा. आधी पेट्रोलचा वास आला, मग लिंबाचा. दिवे नव्हते. काच खाली जाताना होतो तेवढा बारीक आवाज झाला.

"दादा... पाह्यले का टायर?"

भीती वाटली, पण नंतर. आधी धुक्यातून तो लाल दरवाजा दिसला, एक ओरखडा नसलेला, आणि छातीत तीच जुनी आग पेटली. मेला तरी गाडी त्याच्याकडेच.

"मस्त आहेत," माझं तोंड बोलून गेलं. "जाय."

आवाज वर्धा रोडने गेला आणि पुलियाच्या वळणावर तुटला. उजाडलं तेव्हा दुकानापुढची फरशी दवाने ओली होती. फक्त चार चाकांएवढ्या जागा कोरड्या. घरी गेलो तर बाबूजी खाटेवर उठून बसलेले.

"धीरज आलता न?" त्यांनी विचारलं. मी घरात शिरल्याचं मात्र त्यांना कधी असं कळलं नाही.

त्या हिवाळ्यात तो चारदा आला. चारही वेळा मी त्याला तसाच धाडला.

आज पहाटे मात्र ठरवून बसलो होतो. गाडी आली, काच खाली गेली, त्याने विचारलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले, तो लाल रंग दिसू नये म्हणून.

"थांब धीरज. टायर थंड आहेत... त्या दिवशीही होते. मले माहीत होतं."

बराच वेळ इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. मग बंद पडलं. दार उघडल्याचा आवाज झाला.

"मंग तूच तापवून आण न, दादा..." अगदी कानाजवळ. "तुले चालवाची होती न... उद्या येतो."

डोळे उघडले तर धुकं. फरशीवर चार कोरड्या जागा. आणि माझ्या मुठीत ही किल्ली. घ्या, हात लावून पाहा. शेकोटीपासून लांब ठेवली होती, तरी अजून गरम आहे.

उद्या पारा आणखी उतरणार म्हणतात. त्या रबरावर नख उमटणार नाही, हे माझ्याएवढं कोणाला माहीत? त्या गाडीत बसू नये, हेही कळतं. पण खरं सांगू? मघापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. ती गाडी घेऊन मी निघालो, तर बाबूजी दारात येऊन माझ्याकडे पाहतील का?