दार उघडेपर्यंत

इंटरनेटवर चालणारे फोन बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे तारवाला म्हणत, आणि तोही ओ देई. खरं तर जिथे जाईल तिथल्या जुन्या तारा उपटून काढणं हाच त्याचा धंदा. भुताखेतांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तार जोडलेली असेल तर आवाज येतो, नसेल तर येत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी त्याला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचे फोन बदलायचे होते. ऑफिस होतं बैठ्या इमारतीत, वर पत्र्याचं छप्पर. शहरभरच्या लिफ्ट सांभाळणाऱ्यांना स्वतःला चढायला एक पायरीसुद्धा नव्हती. "दिव्याखाली अंधार," मालक स्वतःच म्हणाला आणि हसला. आत ग्रीसचा वास, मागच्या भिंतीला लोखंडी कपाट, खिडकीशी ऑपरेटरचं टेबल. त्यावर दिव्यांची एक रांग असलेला जुना स्विचबोर्ड, आणि स्विचबोर्डामागे मावशी.

मालकाची सख्खी मावशी, म्हणून सगळ्या कंपनीचीच मावशी. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने आतलं बटण दाबलं की फोन तिच्याकडे येई. मेकॅनिक पोचून दार उघडेपर्यंत तो फोन ठेवायचा नाही, हा तिथला नियम. मग समोरचा रडो, भांडो, नाहीतर गप्प बसो.

"एवढा वेळ बोलता काय?" तारवाल्याने विचारलं.

"सुचेल ते. एका वकिलाला पाढे म्हणायला लावले होते. दार उघडलं तर बाहेर यायलाच तयार नाही, म्हणे एकोणतीसचा पुरा होऊ दे."

तारवाला हसला आणि खाली वाकून वायरी मोजू लागला. तेव्हा त्याला दिसलं, की फोनवर कुणीच बोलत नसताना सहाव्या लाइनीचा दिवा पेटलेला आहे.

"ही लाइन अडकलीय का?"

"बोलणं चालू आहे," मावशी म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली.

मालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं. मावशीचा नवरा या कंपनीचा पहिला मेकॅनिक. अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे मावशीला त्यानेच शिकवलं. दार उघडलं की लिफ्टमधल्याच फोनवरून तो म्हणे, "उघडलं गं. आता ठेव." मगच ती ठेवी. एकदा एका जुन्या इमारतीत त्याने आतली माणसं सुखरूप बाहेर काढली आणि फोनवर म्हणाला, "सगळे सुटले. जरा दार तपासतो, मग सांगतो." त्यानंतर लिफ्ट त्याच्यासकट खाली कोसळली. पुढे ती इमारत पाडली. तिथे आता गाड्या उभ्या असतात. तो फोन आला होता त्या सहाव्या लाइनीचा दिवा मात्र विझला नाही. टेलिफोनवाले बघून गेले, तारेत दोष आहे म्हणाले.

"तोडून टाका ती," मालक म्हणाला. "माझ्याच्याने होत नाही. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलंय."

तारवाला टेबलाशी परतला. मावशी सगळं समजून बसली होती.

"बाबा, तुम्ही नंबर नव्या फोनवर नेता ना? मग चालू असलेलं बोलणं नेता येतं का?"

"नंबर नेता येतो, मावशी. बोलणं नाही नेता येत. ते तोडावंच लागतं."

"पण त्यांनी ठेव म्हटलेलं नाही अजून. मी आपल्या मनाने कशी ठेवू?"

तिने हे इतक्या साधेपणाने विचारलं, की तारवाल्याला गलबलून आलं. त्याने हेडफोन लावून सहावी लाइन ऐकली. घरघर, बाकी काही नाही. ओल शिरलेल्या तारेत असते तशीच. पण खोटा दिलासा द्यायलाही काहीतरी करावं लागतं. त्याने एक छोटा ॲडॅप्टर काढला आणि सहाव्या लाइनीची जुनी तार, बोर्डावरून न काढताच, त्यातून नव्या यंत्रणेला जोडली. दुपारी टेलिफोनवाले बाहेरची तार कापणारच होते. म्हणजे दिवा आपोआप विझणार, आणि त्याचं पाप कुणाच्याच माथी येणार नाही.

"झालं," तो म्हणाला. "आता जेवढं चालेल तेवढं चालेल."

"देव तुमचं भलं करो," मावशी म्हणाली. त्याने नजर चुकवली.

नवा फोन सुरू झाला. कॉम्प्युटरवर प्रत्येक कॉलची एक ओळ उमटू लागली. लिफ्टमधला कॉल असेल तर ओळ लाल. डावीकडे अडकलेल्याचं ठिकाण, उजवीकडे उत्तर देणाऱ्याचं. जुन्या बोर्डावर नुसता दिवा पेटे, कोण कुणाला बोलावतंय ते कळत नसे. हे नवं बरं होतं, मावशीलाही आवडलं.

तेवढ्यात एक लाल ओळ आलीच. डावीकडे कुठल्याशा दवाखान्याची लिफ्ट, उजवीकडे 'टेबल एक', म्हणजे मावशी.

"घाबरू नका हं," मावशी म्हणाली. तिचा आवाजच बदलला. "आत हवा भरपूर आहे. माणूस निघालाय, पोचतोच आहे. दार उघडेपर्यंत मी फोन ठेवत नाही." मग नातवंडं किती, गुडघे दुखतात का, सगळं झालं. शेवटी, "उघडलं ना? आता ठेवा."

ओळ हिरवी झाली आणि गेली. मालकाने टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

दुपारी टेलिफोनवाला आला. मालक दारात उभा राहून त्याच्याशी बोलत होता. खिडकीतून तारवाल्याला दिसलं, की खांबावरची तार कापली गेली, खाली आली, आणि तिचं भेंडोळं करून टेलिफोनवाल्याने खांद्याला अडकवलं. जुन्या बोर्डावरचा सहावा दिवा विझला.

मावशीने हात जोडले नाहीत, ती रडलीही नाही. ती फक्त त्या दिव्याकडे बघत राहिली.

आणि कॉम्प्युटरवर एक लाल ओळ उमटली.

तारवाल्याने ॲडॅप्टर काढून घेतला. ओळ तशीच. त्याने ॲडॅप्टर उलटा करून बघितला, खिशात टाकला. ओळ तशीच.

उजवीकडे, उत्तर देणाऱ्याच्या जागी, लिहिलं होतं: 'लाइन सहा'.

डावीकडे, अडकलेल्याच्या जागी: 'टेबल एक'.

त्याने पुन्हा वाचलं. मग हेडफोन कानाला लावला. घरघर नव्हती. एका पुरुषाचा आवाज होता, थकलेला, पण फार मायेचा. बोलून बोलून घसा बसलेल्या माणसाचा.

"...घाबरू नकोस. आत हवा भरपूर आहे. मी इथेच आहे. दार उघडेपर्यंत मी फोन ठेवत नाही. ऐकतेस ना?"

तारवाल्याने हेडफोन काढला. मावशीने तो त्याच्या हातातून हळूच घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला.

ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने पडद्यावरची ओळ वाचली, बोट ठेवून, डावीकडून उजवीकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे मी होय?"

तिला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच.

"अहो, मला वाटलं मीच धरून बसलेय. एवढी वर्षं तुम्ही... तुमचा हात दुखला असेल हो."

"मावशी," तारवाला म्हणाला. "मावशी, ठेवा तो."

"असं कसं? नियम आहे, बाबा." तिने चष्मा घडी करून डबीत ठेवला. डबी पर्समध्ये. पर्स मांडीवर. "अहो, अजून वेळ आहे का?"

तिने ऐकलं, मान हलवली.

"निघालेत," ती तारवाल्याला म्हणाली. "पोचतातच आहेत."

तेव्हा मागच्या भिंतीतून, लोखंडी कपाटाच्या पलीकडून, जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला. जुन्या लिफ्टला असतं तसं, घडी पडत जाणारं.

तारवाल्याने वळून बघितलं. भिंतच होती.

पुन्हा टेबलाकडे बघितलं, तेव्हा खुर्ची रिकामी होती. पर्स नव्हती. मालक अजून दारातच उभा होता, पाठमोरा, चौकट अडवून, टेलिफोनवाल्याच्या कागदावर सही करत.

टेबलावर हेडफोन होता. त्यातून बारीक आवाज येत होता. तारवाल्याने तो कानाला लावला.

"उघडलं रे बाबा," मावशी म्हणाली. "आता ठेव."

त्याने ठेवला.

ओळ हिरवी झाली आणि गेली. भिंतीमागे जाळीचं दार बंद झालं. मग दोर ताणल्याचा, आणि काहीतरी जड, सावकाश वर चढत असल्याचा आवाज. तारवाला मान वर करून ऐकत राहिला. आवाज पत्र्यापर्यंत गेला, पत्र्याच्याही वर गेला, आणि चढतच राहिला.